दुधी वाळेपर्यंत

पूर्ण कवळीत अठ्ठावीस दात असतात. अक्कलदाढा कोणी मागत नाही.

दुधीचं मादी फूल उमलायच्या आधीच त्याच्यामागे बोटाएवढा दुधी असतो. नर फुलामागे नुसता देठ. "ओळखायला काही फार शिक्षण लागत नाही," इति आई.

रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत चोपन्न पायऱ्या. दारापासून गच्चीपर्यंत आणखी अठरा.

भाऊ: "आमच्याकडे लिफ्ट आहे." हे वाक्य तो दिवसातून जितक्या वेळा म्हणतो तितक्या वेळा ती लिफ्टसुद्धा वरखाली होत नसेल.

माणूस पडल्याचा आवाज येत नाही. स्टूल पडल्याचा येतो.

निळ्या रेघांच्या शर्टाची चिंधी, जमिनीवर. सुटलेली नाही. गाठ जशीच्या तशी.

मंगळवारी सकाळी साडेसहाला झारी घेऊन मी गच्चीवर गेले आणि दुधी जागेवर नव्हता. वेल होती, तारांचा मांडव होता, पानं तर नको तेवढी होती, आणि त्या पानांखाली जिथे गेला सव्वा महिना बारीक गळ्याचा, पोट सुटलेला तो एकुलता एक दुधी लोंबत होता तिथे दोन इंच देठ होता. ओढून तोडलेला नाही, कुरतडलेला नाही. सुरीने सरळ कापलेला. मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. आता हे कोण निस्तरणार, असं वाटलं. आयुष्यातल्या बहुतेक प्रसंगी मला पहिल्यांदा हेच वाटलेलं आहे. बाबा गेले तेव्हासुद्धा, खोटं कशाला बोलू. झारी जड होती म्हणून खाली ठेवली, तर ती नेमकी कलंडली आणि पाणी माझ्या चपलांत गेलं. ओल्या चपलांनी मी मांडवाखाली उभी राहिले आणि वर बघत बसले, जसं काही दुधी जरा बाहेर जाऊन येतो म्हणाला असावा. अर्ध्या तासापूर्वीच फोनवर आईने विचारलं होतं, "दुधी कसा आहे?" आणि मी अंथरुणातूनच, डोळे न उघडता, म्हणाले होते, "आहे." रोज तेच म्हणते. रोज तो असायचा.

हा साधा दुधी असता तर प्रश्न नव्हता. साधे दुधी आम्ही खाऊन खाऊन आणि वाटून वाटून दमलो आहोत. जिन्यात मला बघून लोक दार लावून घेतात. पण दरवर्षी आई त्यातला एक निवडते. मधल्या फांदीवरचा, सरळ गळ्याचा, डाग नसलेला. त्याच्या देठाला बाबांच्या जुन्या शर्टाची चिंधी बांधते, आणि चिंधी बांधली की त्या दुधीला हात लावायचा नाही. पाहुणे आले तरी नाही, घरात भाजी नसली तरी नाही. तो वेलीवरच निबर होतो, पिवळा पडतो, मग गवतासारखा कोरडा होतो, आणि हलवला की आत बिया वाजतात. मग तो उतरवायचा, फोडायचा, आणि त्याच बिया पुढच्या वर्षी लावायच्या. बावीस वर्षं हे चाललंय. मी एकदा म्हणाले होते की बी बाजारात पाकिटात मिळतं. "बाजारात काय, दातसुद्धा मिळतात," आई म्हणाली, "म्हणून काय कोणी स्वतःचे उपटून टाकत नाही." मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. घरात माझ्या कामाचा उल्लेख फक्त असा टोमण्यापुरता होतो.

चिंधी बांधतानाच ती पडली. स्टुलावर चढून. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, स्टुलावर चढून, गच्चीत कोणी नसताना. मी खाली स्वयंपाकघरात होते, स्टुलाचा आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, आता काय पाडलं हिने. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. वर गेले तर ती कुंड्यांच्या मध्ये आडवी, टोमॅटोच्या बादलीला धरून, आणि मला बघून पहिलं वाक्य: "गाठ बसली की नाही बघ." गाठ बसली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखाना, शस्त्रक्रिया, मग भावाकडे, कारण तिथे लिफ्ट आहे, वहिनी घरी असते, आणि मी दिवसभर लोकांच्या तोंडात घालायच्या वस्तू बनवत असते. हे सगळं बरोबरच होतं. भाऊ कधीच चुकीचं बोलत नाही, तीच त्याची अडचण आहे. महिन्याभरात तो म्हणायला लागला, "आता इथेच राहील ती. चोपन्न पायऱ्या काय चेष्टा आहे?" वहिनीने तिच्यासाठी खिडकीशी पलंग हलवला. सगळे आईकडे बघायला लागले, आणि आई म्हणाली, "दुधी वाळला की मी जाणार. बी मी स्वतः काढते." हेच एक कारण तिने दिलं. लेक एकटी आहे, माझं घर आहे, मला करमत नाही, यातलं एकही नाही. दुधी. मग भाऊही हसून म्हणाला, ठीक आहे, दुधी वाळेपर्यंत बघू. म्हणजे ती परत येणार की नाही हे आता त्या देठाला लोंबत होतं. आणि तो देठ कापलेला.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे गच्चीची दुसरी किल्ली असते, टाकीचं पाणी त्याच बघतात. निवृत्त शिक्षिका आहेत, तीस वर्षं भूमिती शिकवली, अजूनही दार पूर्ण उघडत नाहीत, कोनात उघडतात. ओल्या चपलांनी मी त्यांच्या दाराशी गेले. "बाई, गच्चीवरचा दुधी कोणी नेला?" त्यांनी चष्म्यातून माझ्या पायांकडे बघितलं. "मी दुधी खात नाही," म्हणाल्या. "तुम्ही खाल्ला असं नाही म्हणत मी." "कधीच नाही खात. पित्त होतं." आणि दार मिटलं. मग टाकीच्या नळासाठी गच्चीवर येणारा नळदुरुस्तीवाला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मी सुरी घेऊन फिरत नाही, पाना घेऊन फिरतो." मग वहिनीवरही संशय आला, शपथेवर सांगते, नऊ किलोमीटरवरून येऊन तिने दुधी कापला असेल असा मी बसच्या रांगेत उभ्या उभ्या पूर्ण विचार केला, ती कुठली सुरी आणेल इथपर्यंत.

त्या बसमध्ये मला सोमवार आठवत होता. म्हणजे आदलाच दिवस. रोज सकाळी सहाला आईचा फोन. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, बत्तीस वर्षं तिने लोकांचे फोन जोडून दिले, त्यामुळे ती फोनवर बोलत नाही, काम सांगते. "वांग्याची खालची पानं काढ. पपईला शेण-माती नको आता. लिंबाला कालच्या तांदळाचं पाणी. मिरचीला नको. तुळशीच्या बाजूचा टोमॅटो वाकलाय का?" तेवीस बादल्या, डबे, टब, त्यातले अकरा आमच्या प्रयोगशाळेतले प्लास्टरचे रिकामे पिंप, मीच वाहून आणलेले. भावाच्या खिडकीशी पडल्या पडल्या तिला प्रत्येक पिंपातलं प्रत्येक पान दिसतं, आणि मी रात्रीतून काय चुकवलंय तेही. फोनमधल्या आवाजावरून मी कुठे उभी आहे हे ती सांगते. "गच्चीवर आहे म्हणतेस आणि पंख्याचा आवाज येतोय." सोमवारी माझं डोकं दुखत होतं, शनिवारी एका डॉक्टरने तीन कवळ्या परत पाठवल्या होत्या, आणि आईने चौथ्यांदा विचारलं की दुधीच्या देठाला ऊन लागतंय ना. मी म्हणाले, "दुधी, दुधी, दुधी! डोकं उठलंय माझं. एकदा तरी विचार की तू कशी आहेस. त्या दुधीसाठीच येणार असशील ना, तर नको येऊस. बी मी पोस्टाने पाठवीन." पलीकडे शांत. ती शांतता मला ठाऊक आहे. लहानपणी बाबा काही बोलले की ती अशीच फोन धरल्यासारखी गप्प व्हायची, जणू लाइन लागायची वाट बघतेय. मग म्हणाली, "मिरचीला आज पाणी नको." आणि ठेवला.

मग बुधवारी सहाला तिने "दुधी कसा आहे?" विचारलं तेव्हा मी खरं सांगू शकले असते. वाक्य तयार होतं. दुधी गेला, कोणी नेला माहीत नाही. पाच-सहा शब्द. पण सोमवारनंतर बुधवारी हे सांगायचं म्हणजे तिला वाटणार की मीच रागाने कापला. किंवा नाही वाटणार. ती नुसतं "बरं" म्हणेल, भाऊ पलंगाला अजून एक उशी आणेल, आणि संपलं. तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "आहे. जरा पिवळा पडायला लागलाय." "कुठल्या बाजूने?" "उन्हाच्या." पलीकडे परत ती शांतता, नेहमीपेक्षा लांब. "बरं," आई म्हणाली. आणि मग: "फोटो पाठव."

माणसाने खोटं बोलावं तर ज्याचा फोटो निघत नाही अशा गोष्टीबद्दल बोलावं. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकून तीन बाजार फिरले. सगळीकडे लांब, सरळ, कोवळे दुधी, दांडक्यासारखे. आमच्यासारखा गळ्याचा एक नाही. एक भाजीवाली म्हणाली, "गळा कशाला हवा? शिजल्यावर सगळे सारखेच." मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की मी आईच्या आवाजात ओरडणार होते. नुसती निघून आले. दुपारी कामाच्या टेबलाशी बसले. समोर मेणात लावलेला कोणाचा तरी खालचा जबडा होता. माझ्या हातांनी आपोआप मेणाचा मोठा गोळा गरम करायला घेतला. पोट. मग गळा. मला त्या दुधीचा आकार पाठ होता, हेच मला माहीत नव्हतं. पोटावर डाव्या बाजूला एक चपटी जागा होती, मांडवाची तार घासायची तिथे. ती आपोआप झाली. गळ्याला किंचित बाक, तोही झाला. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला यंत्र बंद करून बघायला लागला. "हा कोणाचा जबडा, ताई?" "आईचा," मी म्हणाले. त्याने परत यंत्र लावलं. आमच्याकडे विचित्र जबडे येतात.

मेणावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून ॲक्रिलिक. आतून पोकळ, नाहीतर वेलीला पेलायचा नाही. आमच्याकडे ॲक्रिलिक एकाच रंगाचं असतं, हिरडीचं. साचा उघडला तेव्हा आतून एक गुलाबी, ओलसर दिसणारा, जिवंत म्हणावा असा दुधी बाहेर आला. वर हिरवा चढवला. हिरव्यावर पिवळा. दातांच्या छटा मिळवायची पट्टी असते, सोळा छटांची, म्हाताऱ्या दातांपासून तरण्या दातांपर्यंत. वाळत्या दुधीला म्हाताऱ्या दाताची छटा बरोबर जुळते हे शिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला मी जे ब्रश वापरायची त्यातलाच एक आईने वर नेला होता, संध्याकाळी दुधीची पांढरी फुलं उमलली की नराचा पराग मादीला लावायला. "कामावर वाया जातोय, इथे उपयोगी पडेल," म्हणाली होती. तो मी गच्चीवरून परत आणला आणि त्यानेच डाग काढले. दात बांधायच्या बारीक तारेने दुधी देठाला बांधला, चिंधी वरून गुंडाळली, आणि फोटो काढला. सतरा फोटो. एकात वेलीचं पान असं आलं की मला स्वतःलाच पटलं.

"छान वाळतोय," आई म्हणाली.

मग दर रविवारी मी स्टुलावर चढून तो रंगवायची. होय, त्याच स्टुलावर. एक छटा गडद. हाताला पेंटचा वास, डोक्यात ऊन, खाली तेवीस बादल्या, ज्यांना खरं पाणी, खरं खत, खऱ्या किडी होत्या. आणि मी नकली फळाला म्हातारं करत होते. मावा पडला होता वांग्यांवर. टोमॅटोला मी जास्त पाणी घातलं, ते फुटले. पपई झडली. खऱ्या सगळ्याचं वाटोळं आणि खोटं तेवढं दिमाखात. एका रविवारी बाई टाकी बघायला वर आल्या. मांडवाखाली थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला. माझ्या हातात ब्रश. "दुधी परत आला वाटतं," म्हणाल्या. "हो." "बरं झालं." आणि टाकीचं झाकण उघडून आत डोकावल्या, पाण्यात बघण्यासारखं काही नसतानाही बराच वेळ.

मी काय करत होते हे मी स्वतःला विचारलं नाही असं नाही. बसमध्ये विचारायची. ती आली तर परत सहाला उठवणार, परत पंख्याच्या आवाजावरून पकडणार, परत माझ्या पोळ्यांना जाड म्हणणार. घर शांत होतं. रेडिओ मला हवा तिथे लागत होता. मी उशिरा जेवत होते, उभ्याने, पातेल्यातून, आणि कोणी काही म्हणत नव्हतं. हे मी सत्तेचाळीस वर्षं मागत होते. आणि सहाला पाच मिनिटं असताना मला रोज जाग यायची, फोन हातात घेऊन मी पडून राहायची, आणि सहा वाजून एक मिनिट झालं तरी तो वाजला नाही की चिडायची. कोणावर ते कळायचं नाही. "ये" हा शब्द साधा आहे. लोक कुत्र्यालाही म्हणतात. आमच्या घरात तो कोणी वापरला नाही, बाबा दौऱ्यावरून यायचे तेव्हा आई दार उघडून म्हणायची, "चपला बाहेर."

सातव्या आठवड्यात तिने विचारलं, "हलवून बघितलास? वाजतायत का बिया?" मी म्हणाले, उद्या बघते. "उद्या का? आत्ता वर जा. फोन जवळ धर आणि हलव." "आत्ता कामावर निघालेय." "मग उद्या सहाला." त्या दिवशी मी प्रयोगशाळेतली नाकारलेल्या दातांची डबी उघडली. सुळे टाकले नाहीत, ते टोकदार वाजतील असं वाटलं. पुढचे वरचे घेतले, चपटे, बऱ्यापैकी बीसारखे. मोजून चाळीस. दुधीच्या बुडाला भोक पाडून आत सोडले, भोक बुजवलं, वर एक छटा. दुसऱ्या दिवशी सहाला गच्चीवर, खरोखरच गच्चीवर, मी फोन दुधीच्या पोटाला लावला आणि हलवला. आत चाळीस माणसांचे दात खुळखुळले. बत्तीस वर्षं जिने नुसत्या आवाजावरून माणसं ओळखली ती बाई पलीकडे ऐकत होती. मी परत हलवला. माझा श्वास मला ऐकू येत होता; म्हणजे तिलाही.

"वाजतायत," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा फाटल्यासारखा आला, लाइन खराब असेल. मग घसा साफ केला. "मग मला यायला हवं."

रविवारी आली. भावाने पाच ठिकाणी विरोध केला: फोनवर, गाडीत, फाटकाशी, पहिल्या मजल्यावर आणि दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, ती बसणार, तो घड्याळ बघणार. "एका दुधीसाठी?" तो मला म्हणाला, "आई वेडी आहे, पण तू? तू सांगू नाही शकलीस, की नको येऊ?" "ती माझं ऐकते कधी?" "हाड परत मोडलं तर मी येणार नाही." "लिफ्टने ये," आई खुर्चीतून म्हणाली. बाईंचं दार कोनात उघडलं, आईने मान हलवली, बाईंनी मान हलवली, दार मिटलं. पंचेचाळीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवर तिने माझा दंड धरला तेव्हा नखं रुतली. तिचा हात हलका झाला होता, आणि त्याचाही मला राग आला.

भाऊ पाणी पिऊन, बडबडत खाली उतरला. आई आपल्या खुर्चीत बसली. घरभर नजर फिरवली. "रेडिओ हलवलास." "हो." "चहा कर." मी चहा केला. पातळ झाला, असं म्हणाली. मग म्हणाली, "वर मला आज जमायचं नाही. दुधी उतरवून आण."

मी अठरा पायऱ्या चढले. तार कापली. खाली येताना दात खुळखुळत होते, प्रत्येक पायरीला. सांगायचं ठरवलं होतं. दारातच, एका दमात, जसं कवळी बसवताना एकदम दाबतात तसं. पण तिने दोन्ही हात पुढे केले होते, आणि मी तो तिच्या मांडीवर ठेवला. तिने चपट्या जागेवरून अंगठा फिरवला. गळ्याच्या बाकावरून फिरवला. नखाने टिचकी मारली. कानाशी नेऊन हलवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"फोडू?" मी विचारलं.

"घाई काय आहे," आई म्हणाली. "वाळू दे अजून." आणि तो मांडीवर तसाच धरून, खिडकीकडे बघत, "टोमॅटोला एवढं पाणी घालतं का कोणी? इथपर्यंत वास येतोय कुजल्याचा. उद्या सहाला उठ, दाखवते."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला फार नंतर सांगितलं: त्या मंगळवारी पहाटे, माझ्या "नको येऊस"नंतर आणि मला सहाचा फोन करण्याआधी, आईने त्यांना फोन करून दुधी कापून टाकायला सांगितलं होतं.